आपून कोनाकून होतो बे?

अंजनगाव सुर्जी हे नाव दोन प्रकारच्या लोकांना माहीत असतं. एक, अकोला-अमरावतीकडचे लोक. त्यांच्यासाठी ते विड्याच्या पानांचं गाव. दुसरे, स्पर्धा परीक्षेवाले. त्यांच्यासाठी 'सुर्जी-अंजनगावचा तह, ३० डिसेंबर १८०३' ही पाठ करायची एक ओळ, वसईच्या तहाच्या खाली आणि राजघाटच्या तहाच्या वर. ही दोन्ही गावं एकच आहेत हे परीक्षेचं पुस्तक सांगत नाही आणि पानवालाही सांगत नाही.

त्या तहात दौलतराव शिंद्यांनी गंगा-यमुनेमधला दुआब सोडला, भडोच सोडलं, अहमदनगर सोडलं, आणि दिल्लीच्या बादशहावरचा आपला हक्क सोडला. महादजी शिंद्यांनी आयुष्य घालून दिल्लीत जे उभं केलं होतं, त्याच्यावर कागदोपत्री पाणी सोडलं गेलं ते यमुनेच्या काठावर नाही, आपल्या वऱ्हाडात. त्याच्या तेरा दिवस आधी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहात नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी कटक आणि बालासोर दिलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड दिलं. हे देवगावही इथलंच, गाविलगडाच्या पायथ्याचं. आणि हे दोन्ही तह ज्या लढाईमुळे झाले ती अडगावची लढाई अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. इंग्रजी पुस्तकात तिचं नाव 'अरगाम' असं असल्यामुळे ती आपल्याला कुठंतरी कर्नाटकात झाल्यासारखी वाटते.

मॅपवर मी या सगळ्या ठिकाणांना खुणा केल्या तेव्हा लक्षात आलं की बार्शीटाकळीहून पहाटे निघालं तर हे सगळं एका दिवसात बसतं. आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढं वॉटर्लूत नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनला, एवढ्याच टापूत महिना लागला होता. आम्ही दिवाळीनंतरचा एक रविवार ठरवला. नोव्हेंबरचा शेवट, म्हणजे लढाईचेच दिवस. पाच गाड्या, आठ जण. एक बुलेट, दोन पल्सर, एक एफझी आणि एक स्प्लेंडर. स्प्लेंडरवाल्याला सगळे हसले. दिवसाअखेर सगळ्यात कमी पेट्रोल त्याचंच लागलं होतं.

निघालो ते कालंका देवीच्या देवळापासून. बार्शीटाकळीचं हे काळ्या दगडाचं देऊळ आपल्याकडं 'हेमाडपंती' म्हणून मोडतं. पण तिथल्या शिलालेखावर शके १०९८ आहे, म्हणजे इसवी सन ११७६. ज्या हेमाद्रीच्या नावानं आपण अशी देवळं ओळखतो तो त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी यादवांच्या दरबारात आला. हे मी सांगितलं तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते, थंडीनं सगळ्यांचे हात खिशात होते, आणि बुलेटवाल्यानं एवढंच विचारलं, "अजून किती आहे असं?" मी म्हणालो, दिवसभर.

अकोल्यात पहिला थांबा असदगडाचा. गड म्हणावा इतकं काही उरलेलं नाही. इंग्रजांनी १८७० च्या सुमाराला तो पाडून टाकला. औरंगजेबाच्या काळात असद खान या वजिराच्या नावानं तो उभा राहिला, असं एका दरवाजावरचा लेख सांगतो. दुसरा एक लेख म्हणतो की १८४३ मध्ये गोविंद आप्पाजीनं बांधला. एकाच किल्ल्यावर दोन मालकांच्या पाट्या. वऱ्हाडाचं हे तेव्हाचं चित्र नीट लक्षात ठेवा, पुढं कामी येईल. १८०३ च्या नोव्हेंबरात वेलस्लीचा तळ याच किल्ल्यापाशी पडला होता. तिथून तो उत्तरेला निघाला, पूर्णेच्या दिशेनं. आम्हीही.

अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामला पूर्णा लागते. श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वरासाठी कावडी इथूनच पाणी भरून नेतात, ते सगळ्यांना माहीत आहे. इथला इंग्रजांच्या काळातला पूल तडे गेल्यामुळे २०२२ मध्ये बंद झाला तेव्हा अकोट अचानक किती दूर गेलं होतं, तेही आठवत असेल. नदी म्हणजे काय अडचण असते हे पूल पडल्याशिवाय कळत नाही. १८०३ मध्ये पूलच नव्हते. तोफा, दारूगोळा, तंबू, जखमींच्या डोल्या, सगळं उतारावरून पाण्यात आणि पाण्यातून चिखलात. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात लढाईपेक्षा बैलांबद्दल जास्त मजकूर आहे म्हटलं तर फार चुकणार नाही. तोफा ओढायला त्याच्याकडं म्हैसूरचे बैल होते, हैदर आणि टिपूनं जोपासलेल्या अमृतमहाल जातीचे. टिपू सुलतान १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला मारला गेला आणि चार वर्षांनी त्याच्याच गोठ्यातले बैल मराठ्यांविरुद्धच्या तोफा ओढत वऱ्हाडाच्या काळ्या मातीत आले.

आणि धान्य आणलं बंजाऱ्यांनी. त्या काळात दख्खनमधली कुठलीही फौज बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जगायची. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून तांडा फौजेच्या मागं चालायचा. जो पैसे देईल आणि वाटेत लुटणार नाही त्याला धान्य. वेलस्लीचं मोठं बळ हेच होतं की तो त्यांना रोख आणि वेळेवर पैसे द्यायचा. आमच्या बार्शीटाकळी तालुक्यात तांडे पुष्कळ आहेत. एफझीवाल्याचं घर तांड्यावरचंच. त्यानं हे ऐकलं, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "म्हंजे आमी इंग्रजाईले दाना पुरवला?" कोणीतरी म्हणालं, भोसल्यांनाही पुरवला असंल. "मंग आपून कोनाकून होतो बे?"

आपण कोणाच्या बाजूनं होतो. दिवसभर हा प्रश्न गाडीच्या मागच्या सीटवर बसून आला. मी निघताना काढलेल्या टिपणांत तारखा होत्या, तोफांची संख्या होती, हे नव्हतं.

अकोट ओलांडून आम्ही पश्चिमेला वळलो. अडगाव बुद्रुक येईपर्यंत उन्हं वर आली होती. उजव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ, डावीकडं सपाट वावरं. कपाशी फुटलेली, बाया वेचणीला लागलेल्या, तुरीला पिवळी फुलं. आम्हाला रस्त्याला लढाईची पाटी काही दिसली नाही. एका धुऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "काकाजी, इथं ती मोठी लढाई झाली होती, ती जागा कोन्ती?"

"कोन्ती लढाई? झेडपीची?"

"नाई, इंग्रजाईची. दोनशे वर्सं झाले."

काकाजींनी आमच्याकडं, मग गाड्यांकडं पाहिलं. "कुठून आले पोट्टेहो?"

"बार्शीटाकळीहून."

"एवढ्या लांबून वावर पाहाले आले?" मग बरंच थांबून म्हणाले, त्यांच्या लहानपणी नांगरताना कोणाला तरी लोखंडी गोळा सापडला होता असं ऐकलेलं आहे. पुढं त्याचं काय झालं? "काय व्हते, भंगारात गेला असंल."

त्यांच्याच वावराच्या कडेला उभं राहून मी जमेल तसं सांगितलं. ते तुम्हालाही सांगतो, कारण ही लढाई समजायला नकाशा नाही, एवढी सपाट जमीन लागते.

२९ नोव्हेंबर १८०३. असईची लढाई होऊन दोन महिने झालेत. शिंद्यांशी युद्धबंदीचा करार आठवड्यापूर्वीच झालेला आहे, पण शिंद्यांची घोडदळं त्यात ठरल्याप्रमाणे मागं गेलेली नाहीत, ती भोसल्यांच्या फौजेशेजारीच आहेत. भोसल्यांच्या फौजेचं नेतृत्व रघुजीराजांचे भाऊ व्यंकोजी यांच्याकडं. अडगाव पाठीशी ठेवून त्यांची रांग उभी आहे, पाच मैल लांब. गावाभोवती बागा आणि कुंपणं, समोर ओहोळांनी चिरलेलं मैदान. वेलस्लीचं सैन्य दिवसभर उन्हात चालून दमलेलं, त्याचा त्या दिवशी लढायचा विचारही नव्हता. दुपारी कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी येऊन मिळालेली. दोन्ही मिळून अकरा हजारांच्या आसपास. समोर त्याहून पुष्कळ मोठी फौज.

वेलस्लीनं त्याच संध्याकाळी हल्ला करायचं ठरवलं. साडेचारच्या सुमाराला त्याच्या तुकड्या रांग धरायला लागल्या आणि भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. पुढं जे झालं ते शाळेच्या पुस्तकात नसतं. वेलस्लीच्या तीन पलटणी पळाल्या. नवखे शिपाई नव्हते हे, असईच्या आगीतून दोन महिन्यांपूर्वी नीट गेलेले लोक होते. तोफांनी फारसं नुकसान केलेलंही नव्हतं. तरी पळाले. वेलस्ली योगायोगानं जवळच होता. त्यानं त्यांच्यावर ओरडाआरडा केली नाही, त्यांना एका गावाच्या आडोशाला नेलं, शांत होऊ दिलं, पुन्हा रांगेत लावलं आणि स्वतः पुढं घेऊन आला. नंतर एका पत्रात त्यानं लिहिलं की आपण तिथं नसतो तर तो दिवस आपण गमावला असता. सहसा सेनापती असलं काही लिहून ठेवत नाहीत.

म्हणजे ती अर्धी घटका अशी होती की तीन पलटणी जराशा आणखी लांब पळाल्या असत्या तर पुढचा सगळा इतिहास जरा वेगळा असता. किती वेगळा, हे सांगता येणार नाही. कंपनीचं राज्य एका अडगावात अडलं नसतं. पण अंजनगावचा तह त्या महिन्यात तसा झाला नसता, एवढं नक्की.

मग रांग पुढं सरकली. भोसल्यांकडच्या अरबांच्या एका तुकडीनं हायलँडर पलटणींवर सरळ तलवारी घेऊन हल्ला चढवला. शे-पाचशे लोक असतील, जवळजवळ सगळे तिथंच कापले गेले. त्या दिवशी भोसल्यांच्या बाजूनं सगळ्यात जिवावर उदार होऊन लढलेले हे लोक ना मराठी होते ना वऱ्हाडी. अंधार पडेपर्यंत फौज मोडली, ३८ तोफा टाकून निघाली, आणि वेलस्लीच्या घोडदळानं चांदण्यात सातपुड्याच्या दिशेनं पाठलाग केला. आणखी तासभर उजेड असता तर एकही माणूस सुटला नसता असं त्यानं लिहिलंय. त्याच्या बाजूचे मेलेले ४६, जखमी धरून साडेतीनशेच्या वर. ते मोजलेले आहेत. भोसल्यांच्या बाजूचे किती मेले याचा फक्त अंदाज आहे, हजारांत. जिंकणाऱ्यानं रोज संध्याकाळी तंबूत बसून पत्रं लिहिली आणि ती छापली गेली, म्हणून आपल्या गावांची त्या महिन्यातली हकिगत आपण त्याच्या स्पेलिंगमधून वाचतो.

काकाजी शेवटपर्यंत ऐकत होते. म्हणाले, "पिकं उभी असतीन ना तवा? त्याईचं काय केलं?"

बरोबर प्रश्न होता. नोव्हेंबरअखेर म्हणजे ज्वारी वावरात. दोन फौजा, हजारो घोडे, हजारो बैल. त्याच वर्षी पाऊस कमी झालेला होता. १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनच्या मोठ्या दुष्काळांत मोजला जातो आणि त्यात पावसाइतकाच हात या फौजांचा होता. त्यात किती माणसं गेली याची पत्रं कोणी लिहिली नाहीत.

अडगावातून परत अकोट, तिथं आलूबोंडे आणि चहा, आणि एफझीवाल्याच्या प्रश्नावर चर्चा. मी कागदावर बाजू लिहून काढल्या. इंग्रजांच्या बाजूनं: थोडे गोरे शिपाई. त्यांच्याहून कितीतरी जास्त मद्रास पलटणींतले शिपाई, तमिळ आणि तेलुगू बोलणारे. म्हैसूरचे घोडेस्वार. हैदराबादच्या निजामाची फौज. आणि पेशव्यांचे मराठे स्वार, कारण वसईच्या तहानं दुसरे बाजीराव इंग्रजांच्या गोटात होते. या स्वारांचे सरदार कोण? त्यातले एक बापू गोखले. तेच बापू गोखले, जे १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीला पेशवाईसाठी इंग्रजांशी लढताना पडले.

"म्हंजे बापू गोखले इथं इंग्रजाकून?" बुलेटवाला.

हो. आणि समोरच्या बाजूला भोसले, शिंदे, अरब, राजपूत.

"मंग वऱ्हाडातला माणूस?"

वऱ्हाडातल्या माणसाचं असं होतं की त्याला आधीपासूनच दोन मालक होते. मुलूख कागदावर निजामाचा, पण वसुलीत भोसल्यांचा मोठा वाटा. त्याला दुअंमल म्हणत. गावात निजामाचाही माणूस यायचा आणि भोसल्यांचाही. निजाम इंग्रजांकडून आणि भोसले इंग्रजांविरुद्ध, म्हणजे अडगावच्या शेतकऱ्याचे दोन मालक त्याच्याच ज्वारीत एकमेकांशी लढत होते. तो कोणाच्याही बाजूनं असो, सारा दोघांनाही भरलेला होता.

स्प्लेंडरवाला म्हणाला, आपली सोसायटीची बिल्डिंग अशीच आहे. तो पुण्यात राहतो.

बाजूंवरून बुलेटवाल्याला चिडवायची संधी कोणी सोडली नाही. रॉयल एनफिल्ड या नावातलं एनफिल्ड म्हणजे इंग्लंडमधला सरकारी बंदुकांचा कारखाना. रेडिच गावातल्या सायकल कंपनीला त्या कारखान्याचे सुटे भाग बनवायचं काम मिळालं, त्यातून हे नाव आलं. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून उठाव भडकला ती याच एनफिल्डच्या रायफलींची. "तू त पहिलेपासून इंग्रजाकून," असं ठरलं. त्यानं उत्तर दिलं की १९५५ पासून ती मद्रासला बनते, म्हणजे मद्रास पलटण. हे उत्तर चांगलं होतं, मानावं लागलं.

अकोटहून अंजनगाव, अंजनगावहून परतवाडा. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या आणि केळीच्या बागा लागतात, रस्ता बरा आहे, सांगण्यासारखं एवढंच. परतवाडा आणि अचलपूर हे जोडशहर. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, एके काळी इमादशाहीची राजधानी, सगळ्या वऱ्हाडाचं मुख्य ठाणं. लढाईनंतर सहा दिवसांनी, ५ डिसेंबरला, वेलस्ली इथं पोचला. जखमींचं इस्पितळ इथंच लावलं. आम्ही जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा.

इथून चिखलदऱ्याला जायचा रस्ता धामणगाव गढीवरून जातो. हे नाव पाटीवर वाचून मी गाडी थांबवली. वेलस्लीच्या अहवालात आहे: ७ डिसेंबरला फौजेचे दोन भाग झाले. तो स्वतः देवगावच्या बाजूला, म्हणजे गाविलगडाच्या दक्षिण पायथ्याला गेला. स्टीव्हन्सन 'दमनगाम'वरून डोंगरात शिरला, किल्ल्याच्या मागच्या, उत्तरेच्या बाजूला पोचायला. तीस मैल. रस्ता नव्हताच, शिपायांनी तो करत करत जायचा. जड तोफा बैलांनाही ओढवेनात तिथं माणसांनी दोरांनी ओढल्या, दऱ्यांतून खाली आणि पुन्हा वर. १२ तारखेच्या रात्री कुठं मोर्चे बांधायला घेतले.

आजचा घाट काही तोच रस्ता नाही, पण डोंगर तोच आहे. पल्सरवर दोघं बसलेले, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओरडत होती, इंजिनाच्या उष्णतेनं पाय भाजत होते. प्रत्येक वळणावर मी तोफ कशी नेली असेल याचा हिशोब करत होतो. अठरा पौंडांचा गोळा फेकणारी लोखंडी तोफ म्हणजे आमच्या पाचही गाड्यांच्या वजनाहून जास्त. असल्या घाटात ती नेण्यात शौर्यापेक्षा हमाली जास्त होती. आणि ती हमाली करणारे हात बहुतेक काळेच होते.

गाविलगड बहामनी सुलतान अहमदशहानं पंधराव्या शतकात मजबूत केला. पुढं इमादशाही, मुघल, भोसले. दिल्ली दरवाजावर सिंह आहेत, त्यांच्या पंजात हत्ती आहेत, गंडभेरुंड आहेत. आम्ही तीनच्या सुमाराला पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती आणि ती शिल्पं पिवळी झाली होती. आत तलाव, तोफा, मशीद, पडके वाडे. सगळा परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, त्यामुळे संध्याकाळी थांबता येत नाही. दक्षिणेच्या तटावरून खाली पाहिलं की वऱ्हाडाचं मैदान धुरकट दिसतं. त्या बाजूनं वेलस्लीनं तोफा लावल्या होत्या. चढ इतका उभा की गोळे तटावर आपटून पुन्हा खाली घरंगळत यायचे.

काम झालं ते उत्तरेकडून. स्टीव्हन्सनच्या तोफांनी बाहेरच्या कोटाला भगदाड पाडलं आणि १५ डिसेंबरला सकाळी हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला, पण आत दुसरा कोट होता आणि मध्ये खोल घळ. आतल्या दरवाजापाशी फौज अडकली, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्यानं आपल्या लोकांना घेऊन घळीतून चढून, शिडी लावून भिंत ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. इंग्लंडमध्ये ही कथा इतकी चालते की बर्नार्ड कॉर्नवेल या लेखकाच्या शार्प मालिकेतली १९९९ ची एक कादंबरी याच किल्ल्यावर आहे. लंडनमधला एखादा वाचक आपल्या पोरांपेक्षा गाविलगडाचे कोट जास्त ओळखत असेल.

किल्लेदार बेनीसिंह. राजपूत, भोसल्यांचा नोकर. तो दरवाजाशी लढता लढता मेला. त्याच्या आधी किल्ल्यातल्या राजपुतांनी आपल्या बायकामुलींना मारायचं ठरवलं होतं. काही जणी मेल्या, काही जखमी होऊन वाचल्या. इथं आमच्यातल्या सगळ्यांचे मोबाइल खाली आले. जी बाजू घ्यावीशी वाटत होती ती घेता घेता हे मध्ये आलं. त्या वाचलेल्या बायका कोणाच्या बाजूनं होत्या हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

किल्ला पडल्यावर दोन दिवसांत देवगावचा तह. बोलणी करणाऱ्या वेलस्लीच्या हाताखाली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, तोच, ज्याच्या नावानं मुंबईत कॉलेज आहे आणि परवापरवापर्यंत स्टेशन होतं. असई, अडगाव, गाविलगड, तिन्ही ठिकाणी तो हजर. वय २४. आमच्या सगळ्यांहून लहान. त्याची पत्रं वाचली तर असं वाटतं की सहलीला आलेला हुशार मुलगा लिहितोय.

परत निघालो तेव्हा अंधार पडत होता. घाट उतरताना नियम एकच: पुढच्या गाडीचा लाल दिवा सोडायचा नाही, स्प्लेंडर सगळ्यात मागं. अंजनगावला साडेसातला पोचलो आणि पान खायला थांबलो. इथं शिंद्यांचे वकील विठ्ठलपंत वेलस्लीसमोर बसले होते. म्हातारे, चेहऱ्यावरची रेषही न हलवणारे. पुढं वेलस्लीला कोणी विचारलं म्हणतात की फ्रान्सचा तो प्रसिद्ध मुत्सद्दी तालेराँ कसा आहे. तो म्हणाला, विठ्ठलपंतांसारखा, पण तेवढा हुशार नाही. मात्र विठ्ठलपंतांच्या हातात खेळायला पत्तेच उरले नव्हते. दिल्ली सप्टेंबरातच लेकनं घेतलेली, आग्रा गेलेलं, नोव्हेंबरात लासवाडीला उरलेली कवायती फौज संपलेली. अंजनगावात फक्त सही झाली. पण सही झाल्याशिवाय गेलेली गोष्ट गेली असं धरत नाहीत, हे सातबाऱ्यात अडकलेल्या कोणालाही विचारा.

आणि वऱ्हाड? वऱ्हाड इंग्रजांनी स्वतः ठेवलंच नाही. भोसल्यांकडून काढलं आणि साथ दिल्याबद्दल निजामाला देऊन टाकलं. दुअंमल संपला, एकच मालक उरला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडं राहिले, तेही १८२२ मध्ये गेले. मग निजामाच्या राज्यातल्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकत गेला, आणि १८५३ मध्ये त्या कर्जापोटी डलहौसीनं वऱ्हाड ताब्यात घेतलं. म्हणजे १८०३ मध्ये बक्षीस दिलेली वस्तू पन्नास वर्षांनी गहाण म्हणून परत. मालक निजाम, कारभार इंग्रजांचा. तात्या टोपे येऊन बसेल या भीतीनं १८५८ मध्ये गाविलगडाची मोडतोड करून टाकली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरला वऱ्हाडचा कापूस हवा झाला, आणि १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात ते इथून पुढं खरं खोटं करत बसा. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये भाड्यानं वऱ्हाड कायमचं इंग्रजांकडं गेलं, पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. तरी १९३६ पासून निजामाच्या थोरल्या मुलाचा किताब काय, तर प्रिन्स ऑफ बेरार. वऱ्हाडचा युवराज, हैदराबादेत.

१८०३, १८५३, १९०२. तिन्ही वेळा कागद झाला, तिन्ही वेळा ज्याच्याबद्दल कागद होता त्याला विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती, हे मला कळतं. तरी १९४७ चा अकोला करार, मग विदर्भ वेगळा करा म्हणणारा फाजल अली आयोग, मग १९५६ चं मुंबई राज्य, मग १९६० चा महाराष्ट्र, आणि अजूनही दर निवडणुकीला उठणारी वेगळ्या विदर्भाची चर्चा, हे सगळं त्याच न विचारलेल्या प्रश्नाभोवती फिरतं असं मला वाटतं. आमच्या आठांमध्ये त्यावर तीन मतं आहेत. पानठेल्यावर तीन पानं लावेपर्यंत ती पाच झाली.

दर्यापूरमार्गे निघालो. हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. रस्त्याच्या कडेला काळ्या मातीच्या भेगा हेडलाइटमध्ये दिसत होत्या. मध्ये एकदा थांबलो तेव्हा चांदणं पडलं होतं आणि एफझीवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, घरी गेल्यावर आज्याले विचारतो. त्यांच्या तांड्याच्या गाण्यांमध्ये धान्य कुठून कुठं नेलं, कोणत्या फौजेनं पैसे दिले, कोणी बुडवले, हे असतं म्हणे. आजोबा नव्वदीचे आहेत, ऐकू कमी येतं.

"या रविवारी चाल," तो मला म्हणाला. "स्प्लेंडरवर जाऊ. पेट्रोल तू टाक."